रांगोळी नसलेली घरं

कृष्णोजीराव साळुंके कुठल्याही घरासमोरून जाताना आधी फाटकातली जमीन बघत. घर केवढं, रंग कुठला, दारात गाडी आहे की नाही, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. रांगोळी दिसली की पुढे चालू पडत. नसली की थांबत, चष्मा कपाळावर चढवून दाराचं कुलूप शोधत आणि मला म्हणत, "लिही, अम्मा."

ही अम्मा म्हणजे मी. वय वर्षं चोवीस, बिनलग्नाची, नागपूरहून कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी बंगळूरला आलेली. पहिल्यांदा कोणी अम्मा म्हणालं तेव्हा माझा चेहरा पडला होता. मग लक्षात आलं की तिथे भाजीवाल्यापासून पुजाऱ्यापर्यंत सगळे प्रत्येक बाईला अम्माच म्हणतात. कृष्णोजीरावांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची, त्यांच्या बायकोला अक्का. मीही तेच म्हणू लागले. दोघांची मराठी घराणी कितीतरी पिढ्या तिथेच रुजलेली. "तुझं मराठी पुस्तकातलं," अण्णा म्हणायचे, "आमचं घोड्यावर बसून आलं आणि इथलं पाणी पिऊन राहिलं." त्या पाण्याची चव त्यांच्या प्रत्येक वाक्याला होती. मला ते बोलणं फार आवडायचं. अजून कधी कुणी "सरी, सरी" म्हणजे "बरं, बरं" म्हणालं की मी मागे वळून बघते, इतकं आवडायचं.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. शिवाजीनगरच्या बाजारात एका वर्किंग विमेन्स हॉस्टेलात मी तीन पोरींबरोबर एका खोलीत राहत होते आणि दर सुट्टीला घर शोधत होते. एकट्या मुलीला कोणी घर देत नसे. लग्न कधी, मटण खाता का, भेटायला कोण येणार, असे प्रश्न ऐकून ऐकून माझी उत्तरं पाठ झाली होती. बसवनगुडीत एका फाटकावर 'टू लेट'ची पाटी दिसली. आतून एक बाई मराठीत नळाला शिव्या घालत होत्या. मी हिय्या करून आत गेले. व्हरांड्यात अण्णा बसलेले. पांढरा शर्ट, पंचा, कानात केस. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"सोडणार कधी?"

"काय?"

"खोली. सोडणार कधी ते सांगा."

"अजून आलेच नाही हो मी!"

"येणं सोपं असतंय, अम्मा. मालक घर का देत नाही? माणूस वाईट आहे म्हणून नव्हे. जाणार नाही म्हणून भितो. तारीख सांगा, खोली घ्या."

मी तोंडाला आली ती तारीख सांगितली. घरामागच्या औटहाऊसमधली खोली मला मिळाली. वर मंगळुरी कौलं, समोर कढीपत्त्याचं झाड आणि तोच गळका नळ. त्या नळावरून अक्का आयुष्यभर अण्णांना टोमणे मारत आल्या. "देशातल्या सगळ्या माणसांना घर देणार हे," त्या म्हणायच्या, "आणि स्वतःच्या घरातला वायसर बदलणार नाहीत."

देशातल्या सगळ्या माणसांना घर देणं, हे अण्णांचं निवृत्तीनंतरचं काम होतं. सरकारी बांधकाम खात्यात ते ओव्हरसीअर होते. क्वार्टर्स, शाळा, दवाखाने बांधण्यात हयात गेली. निवृत्त झाल्यावर इतर लोक देवळात जातात किंवा गुडघ्यांबद्दल बोलतात. अण्णांनी 'देशाच्या घरटंचाईवर काही नम्र सूचना' लिहायला घेतल्या. ते मराठी-कानडीत सांगत आणि मी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर त्याचं इंग्रजी करून छापून आणत असे. प्रिंटरच्या कागदाच्या कडेच्या भोकांच्या पट्ट्या ते हौसेने फाडून काढायचे.

त्यांचं म्हणणं असं, की देशात घरं कमी आहेत हे अर्धंच खरं. बांधलेली कितीतरी घरं कुलपात आहेत. मालकाला वाटतं, भाडेकरू घुसला की नातवंडांपर्यंत हलणार नाही, आणि कोर्टात गेलं तर आपणच आधी मरू. म्हणून तो घर बंद ठेवतो, नि भाडेकरू शहराबाहेर जातो. मग सरकार शहराबाहेर प्लॉट पाडतं. "माझा दोस्त मारतहळ्ळीला राहायला गेला," अण्णा सांगत. "नाचणीच्या शेतात घर. दोन बस बदलून माझ्याकडं कॉफी प्यायला येतो बिचारा. आणि इथं बसवनगुडीत चार-चार बेडरूम धूळ खात झोपल्यात." त्यावर त्यांचा उपाय होता. वॉर्ड ऑफिसानं बंद घरांची यादी करावी. भाडेकरूनं जायची तारीख आधी लिहून द्यावी आणि तिला सरकारनं जामीन राहावं. तंटा झालाच तर एका महिन्यात निकाल लावणारं छोटं कोर्ट हवं. मालकाची भीती गेली की कुलूप उघडेल. तरी नाही उघडलं, तर कर लावावा. "आधी प्रेमानं, मग करानं," हे त्यांचं आवडतं वाक्य होतं आणि मला त्याचं इंग्रजी शेवटपर्यंत जमलं नाही.

सूचना बंगळूरच्या कचेरीत जात, दिल्लीला जात. मधूनच एखादं छापील कार्ड यायचं, की आपलं पत्र संबंधित विभागाकडे पाठवलं आहे. अण्णा ते कार्ड दोन दिवस खिशात घेऊन फिरत.

"संबंधित विभाग म्हणजे कुठला असेल?" एकदा त्यांनी मला विचारलं.

"केराची टोपली," आतून अक्का म्हणाल्या.

यादी कोणी करत नाही म्हटल्यावर अण्णांनी ती स्वतःच करायला घेतली. दर रविवारी सकाळी सातला आम्ही निघायचो. त्यांना मोतीबिंदू होत आलेला, म्हणून लिहायला मी. शाळकरी वही, पेन्सिल आणि अक्कांनी दिलेला केळ्यांचा घड. बंगळुरात पहाटे दारात सडा-रांगोळी झाली नाही असं राहतं घर सापडणं कठीण. गरिबाच्या दारातही दोन ओळी पांढऱ्या असतातच. त्यामुळे अण्णांची पद्धत सोपी होती. रांगोळी नाही म्हणजे घरात माणूस नाही. मग कुलूप, मग विजेच्या मीटरची चकती फिरते का ते बघायचं, की झाली नोंद. एखाद्या बंद घराच्या आवारात पेरू पिकून पडलेले असले तर ते हळहळत. पेरूंसाठी नव्हे. "ह्या खोलीत एक कुटुंब मावलं असतं की गं," असं दर वेळी म्हणत आणि दर वेळी त्यांना ते नव्यानं वाईट वाटत असे.

नऊच्या आत मात्र परत यायचंच. रविवारी नऊला प्रतापचा फोन यायचा.

प्रताप हा अण्णांचा एकुलता मुलगा. तो अमेरिकेला गेला आणि अण्णांनी निवृत्तीनंतर घरावर मजला चढवला, तो परत आल्यावर संसार थाटेल म्हणून. तीन खोल्या, बाल्कनी, बाहेरून वेगळा जिना. मजला बांधून सहा-सात वर्षं झाली होती आणि त्याला कुलूप होतं. पहिल्याच महिन्यात हे माझ्या ध्यानात आलं. नागपूरचं पाणी, तोंडावर ताबा नाही. एका रविवारी फेरी संपवून घराशी आलो आणि मी विचारलं, "अण्णा, आपलं वरचं लिहायचं का?"

अण्णा वळले. रागावले नाहीत. जिन्याच्या पायथ्याकडे त्यांनी बोट दाखवलं. तिथे रांगोळी होती. अक्का रोज पहाटे मुख्य दारात एक रांगोळी काढत आणि जिन्यापाशी दुसरी, छोटी, चार ठिपक्यांची.

"ते रिकामं नाही, अम्मा. प्रताप येणार आहे," ते म्हणाले आणि घाईने आत गेले, कारण फोन वाजत होता.

पुन्हा मी तो विषय काढला नाही. माझी आई दोन दिवसांच्या प्रवासाइतकी लांब होती, तरी तिच्यासाठी माझा जीव तुटायचा. यांचा तर मुलगा समुद्रापलीकडे. एवढा शहाणा माणूस स्वतःला इतकं सोयीस्करपणे फसवतो, याचं हसू यायचं आणि मग माझीच मला लाज वाटायची.

अण्णांची पद्धत एकदा चांगलीच फसली. गांधी बाजाराच्या मागच्या आळीत एक बसकं घर होतं. दारात रांगोळी नव्हती, खिडक्या बंद, अंगणात पाचोळा. अण्णा खूश झाले. "हे नवीन दिसतंय. लिही. किती छान घर, बघ! असं ओस टाकायला लाज वाटत नाही लोकांना." बोलत बोलत ते फाटक उघडून मीटर बघायला आत शिरले. तेवढ्यात खिडकीचं दार किलकिलं झालं.

"यारु?" आतून बाईचा आवाज आला. कोण आहे?

दार उघडलं. पस्तिशीतली एक बाई, कपाळ मोकळं, मागे आठेक वर्षांची मुलगी. तिचा नवरा जाऊन पाच दिवस झाले होते. सुतकात रांगोळी काढत नाहीत, हे अण्णांना जन्मापासून माहीत. मोजण्याच्या नादात विसरले. हातात वही घेऊन मी फाटकात उभी होते आणि मला ती वही कुठे लपवू असं झालं. अण्णांनी दोन्ही हात जोडले. "चूक झाली, अम्मा. मोठी चूक झाली," एवढंच ते कानडीत म्हणत राहिले. त्या दिवशी पुढची फेरी झाली नाही. वाटेत त्यांनी मला त्या घराची ओळ खोडायला लावली, मग खोडलेली दिसते म्हणून पानच फाडायला लावलं.

तेराव्यानंतर अण्णा अक्कांना घेऊन तिथे जाऊन आले. बाईचं नाव सरोजम्मा. प्राथमिक शाळेत शिकवायच्या. मुलगी पद्मा. हळूहळू सरोजम्मा अक्कांकडे येऊ लागल्या, पद्मा कढीपत्त्याच्या झाडाखाली गृहपाठ करू लागली. आणि एक दिवस सरोजम्मा रडतच आल्या. त्या घरात भाड्याने राहत होत्या. मालकाला जुनं घर पाडून तिथे फ्लॅट बांधायचे होते, आणि आता घरात पुरुष नाही म्हटल्यावर तो रोज दारात येऊन उभा राहत होता. शेजारी सांगत होते, हलू नकोस, कायदा तुझ्या बाजूने आहे.

अण्णांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी परीक्षा अशी व्हरांड्यात येऊन बसली. त्यांनी चष्मा पंच्याला पुसला. मग म्हणाले, "तुम्ही तारीख लिहून द्या. युगादीला घर सोडते म्हणून. आजवर मी देशाला सांगत आलो, की भाडेकरूनं शब्द पाळला तर दारं उघडतील. माझ्यावर विश्वास ठेवा. युगादीच्या आत तुम्हाला घर मी देतो."

सरोजम्मांनी युगादीची, म्हणजे आपल्या गुढीपाडव्याची, तारीख लिहून दिली. अण्णांच्या शब्दावर त्या बाईने हातातला एकमेव कायदा सोडून दिला. मालकही चपापला असावा, त्याने दारात उभं राहणं थांबवलं. पहिला विजय झाला म्हणून अण्णांनी मला मसाला डोसा खाऊ घातला.

मग आमची खरी वणवण सुरू झाली. वहीतल्या एकेका बंद घराचा मालक शोधायचा आणि त्याच्याकडे जायचं. युगादीला तीन महिने होते. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालत, सूचनांची प्रत बरोबर घेत आणि प्रत्येकाला शांतपणे समजावत. बाई शिक्षिका आहे, एक मुलगी आहे, जायची तारीख लिहून देते, मी जामीन राहतो. लोक वाईट नव्हते. कॉफी देत, बसवून घेत. आणि मग सांगत, "तसं नाही हो अण्णा. मुलगा अमेरिकेतून येणार आहे. आला की लागेल." कुणाचा मुलगा लंडनला, कुणाची मुलगी दुबईला. एका म्हाताऱ्या रिटायर्ड हेडमास्तरांनी तर बंद घराच्या आत नेऊन सुनेसाठी बसवलेलं स्वयंपाकघर दाखवलं. ओट्यावर हात फिरवत ते म्हणाले, "पुढच्या वर्षी नक्की." मी अण्णांकडे बघितलं नाही. माझं ते धाडस झालं नाही.

दर वेळी बाहेर पडल्यावर अण्णा म्हणायचे, "सरी. पुढचं बघू." पण चाल मंदावत गेली. शेवटी शेवटी ते वाटेत कुठल्याही कट्ट्यावर बसत. सरोजम्मा काही विचारत नसत. त्या फक्त सामान बांधत होत्या. पद्माने एकदा अण्णांना विचारलं, "ताता, नवीन घरात खिडकी कुठल्या बाजूला आहे?" ताता म्हणजे आजोबा. अण्णांनी पूर्वेला म्हणून सांगितलं आणि उठून आत गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

आणि आमच्या डोक्यावर तीन खोल्या होत्या. हे मला माहीत होतं, अक्कांना माहीत होतं, सरोजम्मांना दिसत होतं. कोणीही बोलत नव्हतं. वरचा मजला दुसऱ्याला द्यायचा म्हणजे प्रताप येणार नाही असं तोंडाने म्हणायचं. ते अण्णांकडून म्हणवून घ्यायला कोणाची जीभ धजणार?

युगादी आठवड्यावर आली. रविवारी नऊला फोन वाजला. मी व्हरांड्यातच होते. आधी अण्णा बोलले. "हो का? बरं. बरं. चांगलं केलंस. मोठं आहे? असू दे, असू दे." मग अक्कांनी फोन घेतला. त्यांनी एवढंच विचारलं, "किती खोल्या?" ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "देवघर कुठल्या दिशेला करणार?" फोन ठेवल्यावर अण्णा मला म्हणाले, "प्रतापनं तिथं घर घेतलं." त्यांच्या आवाजात अभिमान होता, तो खोटा नव्हता. बाप होते ते. दुपारभर त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला हसतमुखाने ही बातमी सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले तेव्हा अण्णा जिन्याच्या पायथ्याशी उभे होते. मुख्य दारात रांगोळी होती, नेहमीपेक्षा मोठी. जिन्यापाशी सडा घातलेला होता, नुसता. ओली काळी जमीन. अक्का तुळशीपाशी पाठमोऱ्या काही तरी करत होत्या. खरं तर काहीच करत नव्हत्या.

अण्णा किती वेळ तिथे उभे होते कोण जाणे. मग त्यांनी मला हाक मारली.

"अम्मा, वही आण."

मी आणली. "लिही," ते म्हणाले आणि स्वतःच्या घराचा नंबर सांगितला. पुढे म्हणाले, "वरचा मजला." माझी पेन्सिल थांबलेली बघून त्यांनी वही घेतली आणि डोळ्यांपाशी धरून स्वतः लिहिलं.

"सरोजम्मांना सांगून ये, घर मिळालं म्हणून."

"आज नको," अक्का तिकडूनच म्हणाल्या. "आधी मला वर झाडून घेऊ दे."

वर मीही गेले, केरसुणी घेऊन. इतके दिवस राहून मी तो मजला पाहिला नव्हता. भिंतींना चुन्याचा वास तसाच होता. विजेच्या बटणांवरचं प्लॅस्टिक काढलेलं नव्हतं. कमोडवर वर्तमानपत्र बांधलेलं, पिवळं पडलेलं. "तिकडची सवय झालेली असेल म्हणून ह्यांनी मुद्दाम तसला बसवला," अक्का म्हणाल्या. बाल्कनीत जमिनीला ठिपक्यांच्या फरश्या होत्या, त्यांवर कोणाचं पाऊल उमटलेलं नव्हतं. अक्का खाली बसून एकेक फरशी पुसत होत्या, आणि पुसता पुसता रडत होत्या. मीही रडले. खाली अण्णा वायसर बदलायला नळ खोलून बसले होते आणि तो नळ त्यांनी अजूनच बिघडवून ठेवला.

युगादीच्या आदल्या दिवशी सरोजम्मा राहायला आल्या. अण्णांनी त्यांनाही विचारलं, सोडणार कधी? त्यांनी तारीख सांगायला तोंड उघडलं, तर अक्का मध्येच म्हणाल्या, "गप्प बसा हो तुम्ही." अण्णा गप्प बसले. त्यांच्या योजनेतलं मुख्य कलम त्यांनी स्वतःच मोडलं. पण सूचना लिहिणं सोडलं नाही. पुढच्या कागदात त्यांनी एक ओळ वाढवून घेतली, की मालकांची भीती घालवणं सोपं आहे, त्यांची वाट बघणं कसं घालवावं यावर सरकारनं विचार करावा. मी म्हटलं, "अण्णा, असं सरकारी पत्रात लिहीत नाहीत." ते म्हणाले, "लिही गं. नाही तरी संबंधित विभागाकडंच जाणार." माझ्या आठवणीत त्या पत्राला कार्डसुद्धा आलं नाही.

त्यानंतर दोनच महिन्यांनी माझी पुण्याला बदली झाली. परत येईन, येत राहीन असं मी सगळ्यांना सांगितलं. कोण येतं? आज त्या शहरात मला ओळखणारं एक दार उरलेलं नाही. कधीतरी फार वाटतं, की रविवारी सातला फाटकाशी जाऊन उभं राहावं.

निघाले त्या सकाळी रिक्षा दारात येऊन थांबली होती. अक्कांनी ओटी भरली, सरोजम्मांनी चित्रान्नाचा डबा दिला आणि त्या शाळेत गेल्या. मी अण्णांच्या पाया पडायला आत गेले. ते खुर्चीत बसले होते. मी वाकणार तोच त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"स्वल्प थांब. ऐक."

मला काही ऐकू येईना. बाहेर रिक्षावाला भोंगा वाजवत होता. मग ऐकू आलं. वरच्या मजल्यावर पद्मा धावत होती, या खोलीतून त्या खोलीत, टाचा आपटत, आणि मध्येच थांबून एका पायावर उड्या मारत.

"स्लॅब मी समोर उभा राहून घातला," अण्णा छताकडे बघत म्हणाले. "वर कोणी चाललं की खाली कसं ऐकू येईल, ते तेव्हापासून मनात ऐकत होतो. असंच येतंय, बघ."

रिक्षावाल्याने पुन्हा भोंगा वाजवला. मी त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण मान खाली केली नाही. डोळे वरच होते, आणि पाणी कानांपर्यंत ओघळलं तरी त्यांनी ते पुसलं नाही.